हातावरचे पोट आणि हाताचे मोल

प्रस्तावना

कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे, आणि त्यात मनुष्यदेहाचे अवयव ओळीने मांडून प्रत्येकापुढे एकेक आकडा लिहिलेला आहे. अंगठा तुटला तर ३० टक्के. तर्जनी समूळ गेली तर १४. मधले बोट गेले तर १२. अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. पंजाच गेला तर ६०. एक डोळा जाऊन दुसरा शाबूत राहिला तर ४०. आणि खांद्याच्या सांध्यातून हात काढावा लागला तर ९०. हे टक्के कमावण्याच्या शक्तीचे आहेत. त्या अवयवाबरोबर माणसाची पोट भरण्याची ताकद किती गेली असे कायदा धरून चालतो, त्याचे ते माप आहे. हा तक्ता प्रथमच वाचणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो, आणि तो राहावा हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. परंतु हा तक्ता नव्हता तो काळ ज्यांनी अभ्यासला आहे त्यांना हेही ठाऊक असते की त्या काळी या सर्व अवयवांपुढे एकच आकडा होता, आणि तो शून्य होता.

या पुस्तकाच्या लेखिकेला मी प्रथम पाहिले ते एका जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात. तिशीतला एक प्रेस ऑपरेटर बाकावर बसला होता. पत्रा दाबताना पॉवर प्रेसखाली त्याचा डावा अंगठा मुळापासून गेला होता आणि जखम भरून वर गुलाबी कातडी आली होती. सातआठ माणसांच्या त्या शेडचा कारकून स्टँप पेपरवर टंकलेले समजूतपत्र घेऊन शेजारी उभा होता. पंचवीस हजार रुपये मिळाले, यापुढे काही मागणे नाही, असा त्यातील मजकूर. कारकुनाने शाईचे पॅड उघडले, अंगवळणी पडल्याप्रमाणे ‘डावा अंगठा’ म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याच्या तोंडातच राहिले. लेखिका तेथून चालल्या होत्या त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “दादा, कशावर अंगठा देताय ते वाचून घेतलंत का?” त्यावर तो म्हणाला, “ताई, साहेबांनी दवाखान्याचं सगळं बिल भरलं. आता आणखी काय मागायचं त्यांच्याकडं?” लेखिकेने त्याच समजूतपत्राच्या पाठीमागे पेन्सिलीने हिशेब मांडला. पगार महिना १२,०००. त्याचे ६० टक्के म्हणजे ७,२००. वयाच्या तिसाव्या वर्षाचा कोष्टकातील गुणक २०७.९८, गुणाकार १४,९७,४५६, आणि त्याचे ३० टक्के म्हणजे ४,४९,२३७ रुपये. औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च २००९ च्या दुरुस्तीपासून मालकाने या रकमेखेरीज द्यावयाचा असतो, म्हणजे ज्या बिलाला तो गृहस्थ उपकार समजत होता तेही त्याचे येणेच होते. आणि भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने मुळातच रद्दबातल ठरवलेला असल्यामुळे त्या स्टँप पेपरचे मोल कोऱ्या कागदाइतकेच होते.

मला या विषयासंबंधी जे काही सांगावयाचे आहे ते या प्रसंगात बहुतेक येऊन गेले. अपघाताची भरपाई हे मालकाचे दातृत्व नाही, तशीच ती त्याच्या कसुराबद्दलची शिक्षाही नाही. लोखंड, वीज, तेल यांच्याप्रमाणे उत्पादनात जो मनुष्यदेह खर्ची पडतो त्याचे ते देणे आहे, आणि ते मागताना कामगाराला मान खाली घालण्याचे कारण नाही. ही गोष्ट आज सांगावयास सोपी असली तरी न्यायशास्त्राला ती पटावयास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

इंग्लंडच्या जुन्या न्यायपद्धतीत कामगाराला दाद मागावयाची तर मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागे. १८३७ साली एका खाटकाच्या नोकराचा खटला चालला. प्रमाणाबाहेर माल भरलेली गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. न्यायालयाने त्याची मागणी अखेर फेटाळली, आणि त्या निकालातून पुढे असे तत्त्व उभे राहिले की सोबतच्या नोकराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, कारण बरोबरीच्या माणसांच्या चुकांचा धोका पत्करूनच नोकर कामाला लागलेला असतो. त्याला आणखी दोन आधार मिळाले: धोका ठाऊक असून काम पत्करले म्हणजे धोका मान्य केला, आणि स्वतःची अल्पशी चूक असली तरी मागणी बुडाली. या तिहेरी तटबंदीतून पार होणारा कामगार विरळाच असे. हिंदुस्थानात १८५५ च्या प्राणघातक अपघातांच्या कायद्याने मृताच्या वारसांना दावा करण्याची मुभा दिली होती. परंतु मालकाचा दोष सिद्ध करण्याचा बोजा तेथेही वारसांच्याच डोक्यावर होता, आणि गिरणीत पट्ट्यात सापडून मेलेल्या माणसाच्या विधवेला तो पेलणे अशक्यच होते.

येथे १८८४ या सालापाशी थोडे थांबले पाहिजे. त्या वर्षी जुलैमध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने अपघात विम्याचा कायदा संमत केला. दोष कोणाचा हा प्रश्नच त्याने बाजूला ठेवला, आणि कारखानदारांच्या संघटनांनी वर्गणी भरून जखमी कामगाराला पोसावे अशी तजवीज केली. जगातील प्रत्येक कायदाग्रंथात या घटनेची नोंद असते. परंतु त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली, आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेले, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे गेले, याची नोंद त्या ग्रंथांत नसते. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे अनुयायी, ‘दीनबंधू’चे संपादक, आणि गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेले गृहस्थ, साच्यांजवळ माणसाचे काय होते ते त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले होते. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळच्या वेळी पगार या मागण्यांच्या जोडीला त्या निवेदनात एक मागणी अशी होती की कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगू झाला तर त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य सोय लावावी.

‘उदरनिर्वाहाची सोय’ या कल्पनेवर मी मुद्दाम भर देतो. परळच्या त्या अर्धशिक्षित, बहुतांशी निरक्षर कामगारांनी अंगठ्याची किंमत मागितली नव्हती, उरलेल्या आयुष्याची तजवीज मागितली होती. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत या विषयात जे दोन मोठे पंथ झाले त्यांतील अधिक उदार पंथाचे बीज त्या निवेदनात आहे. रविवारची सुट्टी १८९० मध्ये पदरात पडली. अपघाताच्या मागणीला मात्र आणखी तेहतीस वर्षे वाट पाहावी लागली, आणि लोखंडे तर १८९७ च्या प्रारंभी मुंबईच्या प्लेगात निवर्तले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडने दोष न पाहता भरपाई देणारा आपला पहिला कायदा केला.

तो इंग्रजी साचा पुढे येथे आला. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना स्थापन झाली, १९२० मध्ये आयटक ही देशव्यापी कामगार संघटना उभी राहिली, ना. म. जोशी यांच्यासारखा कामगारांचा कैवारी मध्यवर्ती कायदेमंडळात जाऊन बसला. आणि १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याची व्याप्ती प्रारंभी तुटपुंजी होती आणि रकमाही तशाच होत्या: प्रौढ कामगाराच्या मृत्यूला तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांत जी रक्कम कमी असेल ती. ‘जी कमी असेल ती’ हे शब्द पुढे ‘जी अधिक असेल ती’ असे बदलले, आणि माझ्या मते या कायद्याच्या शंभर वर्षांच्या प्रवासाचे सार या दोन शब्दप्रयोगांमधील अंतरात आहे. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाच्या शिफारशींनंतर १९३३ ची दुरुस्ती आली, पुढे इतर दुरुस्त्या येत गेल्या, आणि २००९ च्या दुरुस्तीने ‘कामगार’ हा शब्द जाऊन ‘कर्मचारी’ आला. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टातील धंद्यांची यादी वाचनीय आहे: ताडीसाठी झाडावर चढणारा, जंगलात लाकूड तोडणारा, पाणबुड्या, अग्निशामक दलातील जवान, हत्ती आणि वन्य पशू सांभाळणारा, सुरुंग लावणारा, विंधन विहिरीवर राबणारा, ट्रॅक्टर किंवा विजेच्या यंत्राने शेती करणारा मजूर. मळणी यंत्रात हात गेलेल्या शेतमजुराला भरपाई मागता येते, हे आमच्या गावोगावच्या बागायतदारांना आणि मजुरांनाही अद्याप ठाऊक नाही.

या सर्व इमारतीचा पाया एका वाक्यांशावर आहे: अपघात ‘नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात’ घडलेला असला पाहिजे. हे शब्द दिसावयास साधे आहेत, आणि त्यांवरचे निकाल गोळा केले तर एक कपाट भरेल. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पोरबंदरच्या मिठागरातील कामगारांचे प्रकरण आले. काम आटोपून घरी जाताना खाडीत होडी उलटून ते बुडाले होते. नोकरीची हद्द कारखान्याच्या फाटकाबाहेरही काही अंतरापर्यंत पोचते हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले, पण सर्वांना खुली असलेली ती होडी त्या हद्दीत बसत नाही असे ठरवले. पाच वर्षांनी मुंबईच्या बेस्टमधील एका बसचालकाचे प्रकरण आले. जोगेश्वरीच्या आगारात आपली बस लावून तो दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता, आणि वाटेत त्या बसला अपघात होऊन मरण पावला. बसने मोफत प्रवास करण्याची सोय चालकांच्या कामाच्या सोयीसाठीच असल्यामुळे तो प्रवास नोकरीचाच भाग आहे, असा निर्णय त्याच्या पत्नीच्या बाजूने झाला. उलट १९६९ च्या एका निकालात ‘द्वारका’ आगबोटीवरून रात्री नाहीसा झालेल्या एका खलाशाच्या घरच्यांना काहीच मिळाले नाही, कारण तो कसा गेला याचा पुरावा समुद्राबरोबर गेला होता. त्या निकालाचे तर्कशास्त्र मला समजते. त्याने माझे समाधान मात्र कधीच झालेले नाही.

याच मालिकेतील शेवटचा मोठा निर्णय महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात झाला. साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटे ३ ते सकाळी ११ या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटर उरला असता अपघातात गेला. ही गोष्ट २२ एप्रिल २००३ ची. भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये व्याजासह मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते नामंजूर केले. आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाचा हक्क परत दिला. घर ते कामाची जागा हा प्रवास, वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, नोकरीच्या ओघातच येतो, हे आता निर्विवाद झाले आहे. त्या निर्णयाचा आनंद मानताना एवढे ध्यानात ठेवावे की बाप गेला तेव्हा कडेवर असलेले मूल बावीस वर्षांत कमावते होते. मालकाने एका महिन्यात रक्कम भरावी, न भरल्यास दरसाल १२ टक्के व्याज आणि विलंबाला सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड, आणि आयुक्ताने तीन महिन्यांत दावा निकालात काढावा, असे सर्व कायद्यात लिहिलेले असताना हे घडते.

मालकाकडून भरपाई मागण्याचा हा एक पंथ झाला. दुसरा पंथ विम्याचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळीत असताना बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ होऊन १९५४ मध्ये ती मुंबईत आली. कामगार ज्याला नुसते ‘ईएसआय’ म्हणतो तीच ही. येथे जखमी माणसाला मालकाशी भांडावे लागत नाही. मालकाकडून पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराकडून ०.७५ टक्के वर्गणी महामंडळाकडे जमा होते, आणि अपघात झाला की तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता अपंगत्व असेपर्यंत मिळतो, कायमच्या अपंगत्वात वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या प्रमाणात तो जन्मभर चालतो, आणि मृत्यू ओढवला तर आश्रितांना निवृत्तिवेतनासारखी मासिक रक्कम मिळते. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हा हक्क लागू होतो. किती वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. ज्याला विम्याचे संरक्षण आहे त्याला त्याच इजेबद्दल भरपाईच्या कायद्याखाली वेगळी दाद मागता येत नाही, म्हणून प्रत्येक प्रकरणात पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की माणसाकडे ईएसआयचा क्रमांक आहे काय. साधारणतः दहा माणसांच्या आस्थापनेपासून आणि २१,००० रुपये पगाराच्या मर्यादेपर्यंत ही छत्री पोचते. भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या यंत्रमागांत एकाच छपराखालच्या मागांच्या तीन नावांनी तीन पेढ्या का दिसतात, याचे एक कारण या ‘दहा’च्या आकड्यात आहे.

याखेरीज मंडळांचा एक तिसरा मार्ग आहे: महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी काढलेला, आणि १९९६ च्या केंद्रीय कायद्याने बांधकाम मजुरांसाठी उपकर बसवून घालून दिलेला. ज्याचा मालक रोज बदलतो त्याला मंडळच आधार देते, ही कल्पना महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी आहे. तिच्या अमलबजावणीची कथा मात्र वेगळ्या ग्रंथाचा विषय होईल.

आता मापाचा प्रश्न. आरंभी उल्लेखिलेला तक्ता हा सर्वांना सारखा लागू होणारा किमान हिशेब आहे. परंतु हात कोणाचा, यावर त्या हाताचे मोल ठरते, हे सत्य तक्त्यात मावत नाही. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून या माणसाची कमावण्याची शक्ती पूर्णतः, म्हणजे १०० टक्के, नष्ट झाली आहे, असे आयुक्ताने मानले आणि न्यायालयाने ते उचलून धरले. त्याच निकालात हेही ठरले की भरपाईचे देणे अपघाताच्या दिवसापासून लागू होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे. पन्नास वर्षांनंतरही हा निर्णय कामगाराच्या वकिलाच्या हाती असलेले सर्वांत धारदार हत्यार आहे, कारण त्याने प्रश्न बदलला: देहाचे काय गेले असे न विचारता, या माणसाला उद्या कोणते काम करता येईल असे विचारावयास शिकवले.

हिशेबाचे सूत्र असे आहे: मृत्यूला मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला ६० टक्के रक्कम घेऊन तिला वयाच्या गुणकाने गुणावयाचे. सोळाव्या वर्षी हा गुणक २२८.५४ असतो आणि पासष्टाव्या वर्षी ९९.३७ वर येतो. मेलेल्यापेक्षा जन्माचा पंगू झालेल्याला अधिक रक्कम का, असे पुष्कळ जण विचारतात. पंगू झालेल्याला स्वतःलाही जेवावे लागते, हे त्याचे सरळ उत्तर. मात्र या सूत्रात एक कुलूप आहे. प्रत्यक्ष पगार कितीही असो, हिशेबात धरावयाच्या पगाराला सरकार मर्यादा घालते. ती २०१० मध्ये ८,००० झाली आणि ३ जानेवारी २०२० पासून १५,०००. महागाई दर महिन्याला चढत असता ही मर्यादा दहा-दहा वर्षे जागची हलत नाही, आणि महिना तीस हजार मिळवणाऱ्या वेल्डरचा हात कायद्याच्या दृष्टीने निम्म्या पगाराचा ठरतो. हा अन्याय दूर करावयास एक अधिसूचना पुरे आहे, आणि तेवढ्यासाठी कामगारांना मोर्चे काढावे लागू नयेत असे मला मनःपूर्वक वाटते.

पण माझ्या अनुभवात दावे बुडतात ते टक्क्यांवर आणि गुणकांवर नाही. ते बुडतात पहिल्याच पायरीवर. ‘सदर इसम आमचेकडे कधीही कामास नव्हता’ हे वाक्य मी इतक्या कैफियतींत वाचले आहे की ते डोळे मिटूनही मला दिसते. हजेरीपट मालकाच्या कपाटात, पगार रोख, नेमणुकीचे पत्र नाही, आणि सोबतचे कामगार साक्षीला आले तर त्यांचीच रोजी जाते. अशा वेळी जे कागद उपयोगी पडतात ते कायद्याच्या पुस्तकात सापडत नाहीत: मोबाईलवर मालकाच्या खात्यातून आलेल्या पैशांची नोंद, पाळी कळवणारा संदेश, गेटपासचा तुकडा, आणि सर्वांत मोलाचा म्हणजे इस्पितळाचा केसपेपर. जखमी माणसाला घेऊन येणारा बहुधा सुपरवायझर असतो, आणि ‘कसे लागले?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला तोच उत्तर देतो. ‘घरी जिन्यावरून पडला’ हे तीन-चार शब्द त्या घाईत एकदा लिहिले गेले की पुढची दहा वर्षे त्यांच्याशी झगडावे लागते. ‘मशीनमध्ये हात अडकून’ एवढे खरे शब्द त्या ओळीत यावेत म्हणून घरच्या माणसाने तेथे उभे राहावे, ही सूचना लेखिकेने पुस्तकात तीन ठिकाणी केली आहे. संपादकांनी ती पुनरुक्ती ठेवली, हे योग्यच केले.

कंत्राटदाराच्या माणसाची जबाबदारी मुख्य मालकावर टाकणारे कलम कायद्यात पहिल्यापासून आहे. परंतु साखळी लांबली की तिचे शेवटचे टोक अंधारात जाते. ऊसतोडीचे उदाहरण घ्या. कारखाना, वाहतूकदार, मुकादम आणि टोळी अशी ती उतरंड. आणि टोळीत मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. पहाटेच्या अंधारात मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढताना बाई पाय घसरून पडली आणि तिचा मणका मोडला, तर तिचा पगार किती होता हे सांगणारा एकही कागद पृथ्वीच्या पाठीवर नसतो. गुणाकार करावयाचा तो कशाला? लेखिकेने या प्रश्नाला दिलेले प्रकरण हे या पुस्तकातील सर्वांत कष्टाने लिहिलेले प्रकरण आहे, आणि किमान वेतनाच्या दरावरून तिचे वेतन कसे उभे करता येते हे त्यांनी प्रत्यक्ष दाव्यांच्या अनुभवावरून दाखवले आहे.

हे पुस्तक आजच का, याचे कारण उघड आहे. १९२३ चा आणि १९४८ चा हे दोन्ही कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. सांगाडा बव्हंशी जुनाच आहे: तेच ५० आणि ६० टक्के, तोच गुणक, तोच अवयवांचा तक्ता, घर ते काम या प्रवासाची तरतूद आता कायद्याच्या शब्दांतच आली आहे. पण कलमांचे क्रमांक बदलले, परिशिष्टे बदलली, आणि तीस-चाळीस वर्षे जुन्या क्रमांकांवर घर केलेल्या वकिलांना, युनियनच्या कार्यकर्त्यांना, एवढेच नव्हे तर पीठासीन अधिकाऱ्यांनाही नव्याने वाट शोधावी लागत आहे. दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. मोबाईलवरील हुकुमाप्रमाणे जेवणाचे डबे आणि किराणा पोचवणारी लाखो मुले आज आमच्या शहरांच्या रस्त्यांवर आहेत. संहितेने त्यांना ‘गिग कामगार’ असे नाव दिले आणि कंपन्यांच्या उलाढालीतून १ ते २ टक्के घेऊन त्यांच्यासाठी योजना करावयाचे योजिले. परंतु भरपाईच्या प्रकरणातील ‘कर्मचारी’ या शब्दात त्यांना बसवलेले नाही. योजनेतून मिळते ते योजना असेपर्यंत आणि तिच्यात असेल तेवढे; हक्काने मिळते ते न्यायालयात मागता येते. पावसात घसरून पाय मोडलेल्या त्या मुलाच्या बाबतीत आम्ही पुन्हा १८३७ च्या खाटकाच्या गाडीपाशी येऊन ठेपलो आहोत, अशी मला भीती वाटते.

लेखिकेने हे पुस्तक वकिलांसाठी लिहिलेले नाही, यद्यपि वकिलांनी ते वाचावे. शॉप फ्लोअरवरचा कार्यकर्ता, गावातला शिक्षक, इस्पितळातील समाजसेविका, आणि अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात सैरभैर झालेले घर, यांच्या हाती पडावे अशा रीतीने त्यांनी ते रचले आहे. प्रत्येक विषय त्या एखाद्या प्रत्यक्ष दाव्यापासून उघडतात, आणि तत्त्व नंतर येते. धुळीने फुप्फुसे निकामी होण्यासारखे व्यवसायजन्य रोग कायद्याने अपघातासमानच मानले आहेत. त्यांना त्यांनी वेगळा विभाग दिला आहे, कारण तेथे तारीखच सापडत नाही आणि पुरावा श्वासागणिक साठत गेलेला असतो.

एका बाबतीत मात्र माझा त्यांच्याशी मतभेद आहे, आणि तो येथे नमूद करण्यास त्यांनीच मला आग्रह केला. एकरकमी भरपाईचा पक्ष त्यांनी मोठ्या जिव्हाळ्याने मांडला आहे. एकदम हाती आलेल्या रकमेतून सावकार फिटतो, दोन म्हशी येतात, पिठाची गिरणी पडते. पंगू माणूस पुन्हा घराचा कर्ता होतो, आणि गरिबाला पैसा सांभाळता येत नाही असे गृहीत धरणे हा त्याचा अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यातील स्वाभिमान मला मान्य आहे. परंतु मी पाहिलेल्या घरांपैकी अनेकांत ती रक्कम दोन-तीन वर्षांत आजारपणात, लग्नात आणि भावकीच्या मागण्यांत आटून गेली, आणि अपंगत्व मात्र तेवढेच राहिले. म्हणूनच मृत्यूच्या प्रकरणात मालकाने परस्पर वारसांना पैसे न देता ते आयुक्ताकडे भरावेत, आणि विधवेचा व अज्ञान मुलांचा वाटा आयुक्ताने गुंतवून द्यावा, अशी तरतूद जुन्या कायद्यातही होती. दरमहा घरात येणारी रक्कम, जशी विमा योजनेत येते तशी, हीच सुपारीबागेतील त्या मागणीच्या अधिक जवळची आहे, असे मी मानतो. वाचकाने दोन्ही बाजू वाचून आपले मत बनवावे.

अखेरीस या पुस्तकातील आकड्यांविषयी एक सूचना करतो. पगाराची मर्यादा, गुणक आणि कायदा कोणता, हे सर्व अपघाताच्या तारखेला जे अमलात असेल त्याप्रमाणे लागू होते. दावा कधी दाखल केला किंवा निकाल कधी लागला यावर ते अवलंबून नाही. २०१९ च्या अपघाताला ८,००० ची मर्यादा, २०२१ च्या अपघाताला १५,००० ची. दावा करण्याची मुदत जुन्या कायद्याखाली दोन वर्षांची होती, आणि सबळ कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्ताला होता. म्हणून पुस्तकाच्या शेवटी जोडलेला अर्जाचा नमुना भरावयास घेताना नाव आणि पत्ता नंतर लिहिले तरी चालेल. प्रथम केसपेपर समोर ठेवून अपघाताची तारीख लिहावी, आणि तिच्याखाली, आठवत असेल तर, वेळही.